लॅक्रॉसच्या जोरावर कॉलेज: खरंच काही हाती लागतं का?

जर्सीची_आई:
मुलगा आठवीत आहे, तिसरीपासून टाऊनच्या टीममध्ये लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ) खेळतो. रोज संध्याकाळी गॅरेजच्या भिंतीवर धप धप चेंडू मारणं चालू असतं, भिंतीचा रंग गेलाय. आता एका क्लबने ट्रॅव्हल टीममध्ये, म्हणजे बाहेरगावच्या स्पर्धांना जाणाऱ्या संघात, घेतलंय. फी, स्पर्धा, हॉटेलं धरून वर्षाला आठेक हजार डॉलर. क्लबवाले म्हणतात, "पुढे स्कॉलरशिपमध्ये वसूल होईल." नवरा म्हणतो, तेच पैसे ५२९ खात्यात (कॉलेजसाठीच्या बचतीचं खातं) टाक. अनुभवी लोकांनो, बोला.

बाल्टिमोरकर:
नवऱ्याचं ऐका :)
मुलगी खेळून बाहेर पडलीय, म्हणून सांगतो. डिव्हिजन १ मध्ये (कॉलेजच्या खेळांची सगळ्यात वरची पातळी) मुलांचे संघ जेमतेम सत्तरच्या घरात. परवापरवापर्यंत एका संघाला जास्तीत जास्त १२.६ स्कॉलरशिपा मिळायच्या आणि त्या चाळीस-पन्नास पोरांत वाटल्या जायच्या. म्हणजे बहुतेकांना पुस्तकं, जेवण किंवा फीचा चतकोर. २०२५ पासून नियम बदललाय: खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या नव्या व्यवस्थेत आलेल्या कॉलेजांना ४८ खेळाडूंची मर्यादा, आणि कागदावर सगळ्यांना पैसे देता येतात. पण पैशाचा ओघ आधी फुटबॉल-बास्केटबॉलकडेच जाणार. आयव्ही लीग (हार्वर्ड, येल वगैरेंचा गट) खेळासाठी छदाम देत नाही, सगळ्यात खालची डिव्हिजन ३ पण नाही.

अ‍ॅडमिशनचं गणित मात्र वेगळं. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, टफ्ट्ससारखी कॉलेजं डिव्हिजन ३ मध्ये आहेत. तिथे कोचला तुम्ही हवे असाल तर अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात तो तुमची मार्कलिस्ट अ‍ॅडमिशन ऑफिसला आधीच दाखवून घेतो. त्याला प्री-रीड म्हणतात. आमच्या मुलीला याचाच उपयोग झाला, पण मार्क होते म्हणून. आपल्याकडे दहावीला खेळाचे ग्रेस मार्क मिळायचे, तसं इथे काही बेरजेत पडत नाही.

(आमच्या गावच्या जॉन्स हॉपकिन्सची गंमत: बाकी खेळ डिव्हिजन ३ मध्ये, लॅक्रॉस तेवढं १ मध्ये. इथे हा खेळ म्हणजे देव्हाऱ्यातला देव.)

सॉकर_सोडलेला_बाप:
आठवीतल्या पोराला "कॉलेजचे कोच बघायला येणार" सांगून भलत्या स्पर्धा गळ्यात मारतात. डिव्हिजन १ चे कोच अकरावीच्या १ सप्टेंबरआधी मुलाशी बोलूच शकत नाहीत. तोवर स्वस्तातल्या क्लबात खेळवा.

मेघना_व्हर्जिनिया:
मुलगी असती तर थोडं वेगळं म्हटलं असतं, मुलींचे संघ बरेच जास्त आहेत. मुलगा कुठल्या जागी खेळतो? मिडफिल्डर पैशाला पासरी. गोली (गोलकीपर) आणि फेस-ऑफवाला (खेळ सुरू होताना चेंडू जिंकून घेणारा) सहजी मिळत नाही. अर्थात संघात गोली ठेवतातही तीन-चारच.

जर्सीची_आई:
सगळ्यांचे आभार. क्लबला यंदा नाही कळवलं. टाऊनची टीम आणि उन्हाळ्यात एक कॅम्प, बस. पोराला विचारलं तर म्हणे मला गोलात उभं राहायचंय, मार लागला तरी चालेल! आता गोलीचं सामान वेगळं घ्यावं लागतं का?

बाल्टिमोरकर:
हेल्मेट तेच चालेल, त्याला गळ्याचा गार्ड लावा. छातीचा पॅड गोलीचा वेगळा येतो. काठीही वेगळी, जाळी चांगली ऐसपैस असते. जुनी मिळाली तर बघा, पॅड मात्र नवाच घ्या.