नेम चुकतो की नेम धरायची जागाच चुकते?

रेषेबाहेरून (धागालेखक)

व्हर्जिनिया विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाविषयी ‘जुना समर्थक’ यांनी काल दुसऱ्या धाग्यावर जे लिहिले, ते वाचून गप्प बसवेना, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की प्रशिक्षक टोनी बेनेट यांच्या अखेरच्या वर्षांत संघाचे आक्रमण आटले ते केवळ नेम लागत नव्हता म्हणून; नेम लागणे न लागणे हा दैवाचा भाग आहे; आणि ज्या पद्धतीने २०१९ चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले तिच्याकडे बोट दाखवणे हा शुद्ध कृतघ्नपणा आहे.

कृतघ्न म्हणवून घ्यायला माझी हरकत नाही, पण दैवाला मध्ये आणू नये. १९ मार्च २०२४ रोजी विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, डेटनमध्ये, कोलोराडो स्टेटविरुद्ध मध्यंतराला आपण १४-२७ असे मागे होतो आणि सामना ४२-६७ असा हरलो. एखाद्या रात्री चेंडू रिंगवर नाचून बाहेर पडतो हे मलाही समजते. मात्र ज्यांनी तो संपूर्ण मोसम पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल, की चेंडू रिंगवर नाचावा इतक्या बऱ्या जागेवरून शॉट मुळात मिळतच नव्हता.

बेनेट यांच्या आक्रमणात दोघांनी स्क्रीन लावायचे, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आडवे उभे राहायचे, आणि तिघांनी त्या स्क्रीनला खेटून धावत मोकळी जागा शोधायची, असा खाक्या होता. स्क्रीन लावणाऱ्याच्या शॉटचीही प्रतिपक्षाला थोडी धास्ती असेल तोवर हे उत्तम चालते. स्क्रीन लावणाऱ्यांपैकी रायन डन यांनी त्या मोसमात तीन गुणांचे (म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारायचे) ३५ शॉट घेतले आणि त्यांतले ७ पडले. साहजिकच त्यांच्यावर नेमलेला बचावपटू रिंगखाली निवांत उभा राही. आयझॅक मॅकनीली, म्हणजे संघातला सर्वांत भरवशाचा हात, स्क्रीनला वळसा घालून आत शिरू पाहत, तेव्हा हा जास्तीचा गडी आधीच वाटेत हजर असे. मग वळसा अर्ध्यावर सोडायचा, रेषेच्या आत जेमतेम एक पाऊल टाकायचे आणि शॉट क्लॉकवर (शॉट घेण्याच्या मुदतीच्या घड्याळावर) चार-पाच सेकंद उरलेले असताना, तोंडासमोर प्रतिस्पर्ध्याचा पंजा असताना, लांबून दोन गुणांचा शॉट घ्यायचा. तो चुकला की आपण म्हणणार, नेम बिघडला!

जुना समर्थक

माझ्या लेखनाचे सार काढताना धागालेखकांनी सोयीचे तेवढे उचलले आहे, पण ते असो. २०१९ मध्ये काइल गाय, टाय जेरोम आणि डीआंद्रे हंटर हेच स्क्रीन, हेच वळसे आणि हीच संथ चाल खेळत होते, आणि अंतिम सामन्यात टेक्सास टेकविरुद्ध जादा वेळेत ८५-७७ असा विजय मिळाला. ८५ गुण करणारी पद्धत पाच वर्षांत आपोआप कुजत नाही. हात बदलले म्हणून गुण आटले.

दैव नसतेच असे ज्यांना वाटते त्यांनी याच स्पर्धेचा २०११ चा अंतिम सामना आठवावा. कनेक्टिकटविरुद्ध बटलर विद्यापीठाने ६४ पैकी १२ शॉट लावले. त्यांतले ९ तीन गुणांचे होते, म्हणजे रेषेच्या आतून ३१ पैकी अवघे ३ पडले. पाच-सहा फुटांवरून चेंडू आत जाईना! त्या प्रशिक्षकाला कोणी ‘तुमची पद्धत चुकीची’ असे सुनावले नाही. उलट त्याच ब्रॅड स्टीव्हन्स यांना दोनच वर्षांनी एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या बॉस्टन सेल्टिक्सने बोलावून घेतले. आणि ज्या बेनेट यांनी ग्रीन बे विद्यापीठाकडून खेळताना तीन गुणांच्या शॉटमध्ये कारकिर्दीची सरासरी ४९.७ टक्के राखून विक्रम केला, त्यांना शॉटची जागा कोणती बरी हे इथे बसून आपण शिकवायचे, याला धाडस म्हणावे की आणखी काही, ते वाचकांनी ठरवावे.

आकडेमोड

बटलरचे उदाहरण उलटे लागू पडते. तो सामना मी पुन्हा पाहिला आहे. कनेक्टिकटच्या उंच खेळाडूंनी रिंगजवळचा जवळपास प्रत्येक शॉट एक तर अडवला, नाही तर हवेत असतानाच बदलायला लावला. त्याला दैव म्हणायचे तर बचाव या शब्दाला अर्थ उरत नाही. खुद्द कनेक्टिकटने तीन गुणांच्या ११ पैकी १ शॉट लावला आणि तरीही ते ५३-४१ असे जिंकले, कारण त्यांना आत जाता येत होते. योगायोग असा, की २००० साली टोनी यांचे वडील डिक बेनेट यांचा विस्कॉन्सिन संघ उपांत्य सामन्यात मिशिगन स्टेटकडून हरला तोही ५३-४१ असाच, आणि मध्यंतराला तिथे फलक १९-१७ होता. कमी गुणांची घराण्याची परंपरा म्हणतात ती ही.

दुसरे असे, की दैवावर एवढी श्रद्धा असेल तर संथ चालीला सर्वांत आधी विरोध तुम्हीच करायला हवा. चेंडूचा ताबा जितक्या कमी वेळा मिळतो तितका एकेका शॉटचा वाटा वाढतो आणि दुबळ्या संघाला आशा फुटते. २०१८ मध्ये यूएमबीसी या छोट्या विद्यापीठाविरुद्ध मध्यंतराला २१-२१ अशी बरोबरी झाली, तिथेच आपण गोत्यात आलो. त्या सामन्यात तीन गुणांच्या २२ पैकी ४ शॉट पडले आणि पहिल्या मानांकनाचा संघ सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून ७४-५४ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत असे पूर्वी कधीच झाले नव्हते.

जुना समर्थक

त्या सामन्यात हंटर मनगटाच्या दुखापतीमुळे खेळूच शकले नव्हते, हे सांगायला आपण विसरलात की विसरायचे ठरवलेत?

आकडेमोड

विसरलो नाही. एक खेळाडू बाहेर बसला की कोसळते ती पद्धत थोर, आणि दोष मात्र हातांचा, हे तर्कशास्त्र मला झेपले नाही.

कोपऱ्यातली खुर्ची

आपण दोघेही ज्या ‘त्याच पद्धती’बद्दल भांडत आहात ती २०१९ नंतर तीच राहिली नव्हती, एवढेच नमूद करतो. विजेतेपद मिळाले तेव्हा तीन गुणांची रेषा २० फूट ९ इंचांवर होती. पुढच्याच मोसमात ती २२ फूट पावणेदोन इंचांवर गेली. गाय, जेरोम आणि हंटर तिघेही त्याच उन्हाळ्यात व्यावसायिक खेळात गेले. रेषा मागे सरकल्याने चांगल्या नेमबाजाला आत अधिक मोकळीक मिळते. मध्यम नेमबाजाचे मात्र तेच शॉट एकाएकी लांबचे होऊन बसतात. आपल्याकडे उरले ते मध्यम. विजेतेपदानंतर बेनेट यांना त्या स्पर्धेत एकही सामना जिंकता आला नाही. २०२१ मध्ये ओहायो, २०२३ मध्ये अवघ्या एका गुणाने फर्मन आणि मग कोलोराडो स्टेट, असा तो हिशेब आहे.

मध्यंतर

रेषा, स्क्रीन आणि दैव यांवर पाने भरण्याऐवजी खरे कारण कोणी का लिहीत नाही, याचे नवल वाटते. २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींचे पैसे घेण्याची मुभा मिळाली, पोर्टलमधून (खेळाडूंच्या बदलीच्या नोंदणीतून) संघ बदलणे सोपे झाले, आणि तीन वर्षे बाकावर बसून एक पद्धत मुरवण्याइतका धीर कोणाकडे राहिला नाही. बेनेट यांची पद्धत मुरायला वेळ लागत असे. ऑक्टोबर २०२४ मध्ये, मोसम तोंडावर आलेला असताना, त्यांनी पद सोडताना स्वतःच सांगितले की या नव्या वातावरणात आपण योग्य माणूस नाही. तेव्हा चर्चा इथेच मिटायला हवी होती.

बारावा खेळाडू

धागालेखकांचा ‘जागा बिघडली’ हा सिद्धांत मला आवडला, पण त्यात एक भले मोठे भोक आहे. फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची, जागा कोणी बिघडवली? बोर्डापासून १५ फूट, अंगावर कोणी नाही, स्क्रीनची गरज नाही, घाई नाही. आणि त्या मोसमात फ्री थ्रोमध्ये हा संघ देशात अगदी तळाशी होता. आता बोला.

माझे तर स्पष्ट मत आहे, की ज्याचा फ्री थ्रो ६० टक्क्यांच्या आसपास घोटाळतो त्याने दोन्ही हातांनी, गुडघ्यांजवळून, खालून चेंडू टाकावा. एनबीएतले रिक बॅरी यांनी आयुष्यभर तसाच टाकला आणि जवळपास नव्वद टक्के साधले. तिथलेच विल्ट चेंबरलेन यांनी २ मार्च १९६२ रोजी एका सामन्यात शंभर गुण केले तेव्हा ३२ पैकी २८ फ्री थ्रो लावले, तेही खालूनच. पुढे लाज वाटते म्हणून त्यांनी ही शैली सोडली, आणि त्या वर्षी जे प्रमाण ६१ टक्के होते ते सहा वर्षांत ३८ पर्यंत घसरले.

आकडेमोड

एक बॅरी आणि एक चेंबरलेन मिळून पुरावा होत नाही. बॅरी यांचा हात मुळातच सोन्याचा होता. त्यांनी डोळे मिटून टाकले असते तरी ऐंशी टक्के पडले असते. अवांतर पुरे.

बारावा खेळाडू

अवांतर कसे? शॉट चुकण्यावरच धागा आहे ना? रिक बॅरी यांचे चिरंजीव कॅन्यन बॅरी यांनी फ्लोरिडाकडून खेळताना खालून टाकूनच सलग ४२ फ्री थ्रो लावले आणि विद्यापीठाचा विक्रम केला. तेही डोळे मिटून टाकत होते काय?

माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. मुलगा उंच आणि धिप्पाड, पण फ्री थ्रोला उभा राहिला की खांदे कानांना टेकत. मी त्याला खालून टाकायला शिकवले. चेंडूच्या दोन्ही बाजूंना तळवे, अंगठे वरच्या बाजूला, हात सैल सोडायचे, गुडघे वाकवून उठता उठता मनगटे वर उचलायची. चेंडू उलटा फिरत संथपणे जातो आणि रिंगला लागला तरी उसळून पळत नाही, तिथेच मऊ पडतो. सरावात दहापैकी आठ पडू लागले. पहिल्याच सामन्यात प्रतिपक्षाच्या बाकावरून हशा पिकला, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच्या स्वतःच्या प्रशिक्षकांनी टाळ्या वाजवून त्यात भर घातली. पोराने दुसरा फ्री थ्रो वरून मारला. बोर्डालासुद्धा लागला नाही. त्यानंतर त्याने खालून कधीच टाकला नाही.

प्रेक्षागृहातून

बारावा खेळाडू, आपल्या भाच्याची गोष्ट वाचून राहवले नाही. माझी मुलगी कॉलेजात खेळत असे. तिचा कोपर थोडा बाहेर जाई, पण चेंडू आत पडे. नवीन प्रशिक्षिका आल्या आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिचा कोपर ‘सरळ’ करायला घेतला. त्यानंतर शॉट घेताना तिचे लक्ष रिंगवरून उडून स्वतःच्या कोपरावर खिळले. सामन्यात मोकळी असतानाही ती पास देऊन टाकू लागली आणि मग तिला ‘आक्रमक नाही’ म्हणून बाकावर बसवण्यात आले. नेम हा हातात असतो असे म्हणणाऱ्यांनी हे एकदा घरात पाहावे.

रायन डन यांच्याकडेच पाहा. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) ते अठ्ठाविसावे निवडले गेले आणि तिथल्या फिनिक्स संघाकडून पहिल्याच मोसमात त्यांनी कॉलेजच्या दोन वर्षांत मिळून लावले त्याच्या कितीतरी पट तीन गुणांचे शॉट लावले. एका उन्हाळ्यात हात बदलला की ‘मार बिनधास्त’ म्हणणारे कोणी भेटले?

जुना समर्थक

आपल्या मुलीबद्दल सहानुभूती आहे, परंतु एका अनामिक प्रशिक्षिकेचा राग बेनेट यांच्यावर काढणे अन्यायाचे आहे. डन यांना कोणीही शॉट घेण्यापासून रोखले नव्हते.

प्रेक्षागृहातून

३५ शॉट, संपूर्ण मोसमात! रोखण्यासाठी दर वेळी तोंडाने ‘नको’ म्हणावे लागत नाही. आणि सहानुभूती आपल्याजवळच ठेवावी.

रेषेबाहेरून (धागालेखक)

धागा फ्री थ्रोच्या रेषेवर जाऊन बसला आहे, तेव्हा मीही तिथूनच बोलतो. फ्री थ्रोचा मुद्दा माझ्या मांडणीत बसत नाही हे बारावा खेळाडू यांचे म्हणणे नाइलाजाने मान्य. तिथे जागेची तक्रार करता येत नाही, हात कच्चेच होते, आणि तेवढ्यापुरते जुना समर्थक यांनी खुशाल पेढे वाटावेत. मात्र कच्चे हात संघात होते हे प्रशिक्षकांना आपल्या आधी ठाऊक होते. कच्च्या हाताच्या दोघांना एकाच वेळी मैदानात ठेवून, पक्क्या हातांसाठी आखलेले वळसेच खेळत राहणे, हा निर्णय दैवाने घेतला नव्हता. डन यांना स्क्रीन लावायला वर न आणता बेसलाइनवर (रिंगमागच्या सीमारेषेलगत) ठेवून मागून आत घुसू दिले असते, तर त्यांच्यावरचा माणूस रिंगखाली डुलक्या घेत उभा राहू शकला नसता.

आकडेमोड

फ्री थ्रोबद्दल निघालेच आहे तर हिशेब तरी नीट व्हावा. अर्ध्या डावातील प्रतिपक्षाच्या सातव्या फाउलपासून ‘एकावर एक’ मिळतो. पहिला पडला तरच दुसरा. ६० टक्क्यांच्या खेळाडूकडून अशा फेरीत सरासरी ०.९६ गुण येतात, ७० टक्क्यांच्या खेळाडूकडून १.१९. संथ खेळणाऱ्या संघाला एवढी गळती अजिबात परवडत नाही, कारण भरून काढायला पुढचे ताबेच नसतात. म्हणजे फिरून माझाच मुद्दा.

जुना समर्थक

प्रत्येक गोष्ट फिरून आपलाच मुद्दा ठरते, ही कला खरोखर वंदनीय आहे. डन यांना बेसलाइनवर ठेवण्याची सूचना वाईट नाही, इतके मी म्हणतो आणि यापुढे एक अक्षर म्हणणार नाही. आता तर २०१८ मध्ये यूएमबीसीचे प्रशिक्षक असलेले रायन ओडम यांनाच विद्यापीठाने २०२५ मध्ये आणून बसवले आहे. त्यांच्या संघाने त्या सामन्यात तीन गुणांच्या २४ पैकी १२ शॉट लावले होते. आता वेग मिळेल, मोकळी जागा मिळेल, सर्व काही मिळेल. बचाव कोण करणार, हा धागा मात्र कोणी तरी आताच काढून ठेवावा.

बारावा खेळाडू

बचावाचा धागा जरूर काढा, मी तिथेही येईन. पण इतक्या विद्वानांनी इतके लिहून झाल्यावरही, ६० टक्क्यांच्या खेळाडूला एक उन्हाळा खालून टाकायला लावण्यात नेमके नुकसान काय, हे अजून एकानेही सांगितलेले नाही.