'ऑप्टिकल पंपिंग'ला मराठीत काय म्हणता?

धरमपेठकर
पुतणीच्या शाळेतल्या प्रदर्शनासाठी एक तक्ता मराठीत करून देतोय. विषय : रुबिडियमच्या वाफेत लेसर सोडून क्षीण चुंबकीय क्षेत्र मोजणं. 'ऑप्टिकल पंपिंग'पाशी गाडं अडलं. मी 'प्रकाशीय उपसा' लिहिलं. बाई म्हणाल्या, उपसा वाळूचा होतो, आणि खोडून 'पंपन' केलं. पंपन? हे कोणत्या विहिरीतलं?

ओलीतवाला
'उपसा सिंचन' सरकारी कागदावर आहेच की! काटोलला आजोबांची मोट होती. मोट वर यायची, थारोळ्यात रिकामी व्हायची, तिथून पाटानं पाणी वाफ्यात. तुमचा लेसर वाफ्याऐवजी वाफेत, एवढाच फरक.

शुद्धमती
विहीर उपसली की रिकामी होते. इथे अणू रिकामे होतात का? 'प्रकाशभरण' म्हणा.

भौतिकवाला
दोन्ही होतं, ताई. लेसर अणूंना वर उचलतो, ते पुन्हा खाली पडतात. खाली एक पातळी अशी असते, की तिथले अणू त्या प्रकाशाला दादच देत नाहीत. जो तिथे पडला तो तिथेच राहिला. हळूहळू सगळे तिथे साचतात आणि वाफेतून प्रकाश आरपार जाऊ लागतो. ही युक्ती काढणारे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ कास्टलर यांनी 1950 मध्ये फ्रेंचमध्येही पंपच म्हटलं. 1966 चं नोबेल मिळालं, शब्द कुणी खोडला नाही. लॅबमध्ये आम्ही पंपिंगच म्हणतो.

तक्त्यात खरी मजा पुढे आहे. हे अणू चुंबकीय क्षेत्रात भोवऱ्यासारखे डोलतात. रुबिडियम-87 असेल तर दर नॅनोटेस्लामागे (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं छोटं एकक) सेकंदाला साधारण 7 वेळा. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र 40 हजार नॅनोटेस्लाच्या वर, म्हणजे सेकंदाला 3 लाखांच्या आसपास. ते डोलणं प्रकाशातच दिसतं. मोजलं की क्षेत्र कळलं.

शुद्धमती
'डोलणं' नव्हे, परांचन.

ओलीतवाला
परांचन म्हंजे काय लोणच्याची बरणी आहे का? आमच्याकडे भवरा डोलते. पोट्ट्याले समजते.

शुद्धमती
पोरांना समजावं म्हणून शास्त्र बोथट करायचं का? आणि 'क्षीण' नको, 'दुर्बल' हवं.

भौतिकवाला
हृदयाचं क्षेत्रही याच यंत्रानं मोजतात. पेशंटला 'तुमचं क्षेत्र दुर्बल आहे' सांगून पाहा!

माठातलं_पाणी
मी मघापासून 'थारोळ्या'तच अडकलेय. मला फक्त रक्ताचं थारोळं माहीत होतं. 'थारा'वरून आलं का?

ओलीतवाला
थाराच. पाणी तिथे घटकाभर थांबते.

शुद्धमती
मला 'धार' वाटते. धार पडते ती जागा.

ओलीतवाला
मोटीची धार नसते ताई, लोंढा असते. अंगावर घेतला का कधी?

माठातलं_पाणी
आई माठाखाली साचलेल्या पाण्यालाही थारोळंच म्हणायची. आता कळलं का ते.

धरमपेठकर
तक्ता सोमवारी लागतोय. सध्या 'पंपन'च आहे.