मदत हवी आहे: जन्मतः कमी वजन आणि सातव्या वर्षी वाढलेलं हार्मोन

नमस्कार. आम्ही सोलापूरला राहतो. माझी लेक सात वर्षं दोन महिन्यांची आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि तिचा युनिफॉर्म धुवायला घेतला, तर काखेपाशी मोठ्या माणसासारखा घामाचा वास. आधी वाटलं, आपल्याकडचं ऊनच तसं आहे. पण आठवडाभरात काखेत चार-पाच काळे केस दिसले आणि माझे हातपायच गळाले.

बालरोगतज्ज्ञांनी आधी जन्माची फाइल मागितली. मला सातव्या महिन्यापासून बीपी होतं. सोनोग्राफीत बाळाची वाढ मागे पडलेली दिसायची. सदतिसाव्या आठवड्यात सिझर झालं, वजन १ किलो ९०० ग्रॅम. मग हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं, डाव्या हाताचा एक्स-रे काढला. डीएचईए-एस (मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथींचं हार्मोन) वयाच्या मानाने जास्त आलं, हाडांचं वय एक वर्ष पुढे. १७-ओएचपी (या ग्रंथींचा जन्मजात आजार ओळखायची तपासणी) नॉर्मल आहे, छातीची वाढ अजिबात नाही. म्हणजे पाळी लवकर येण्याचा प्रकार हा नव्हे, अॅड्रिनल ग्रंथी लवकर जाग्या झाल्यात. मुलींमध्ये आठ वर्षांच्या आत हे दिसलं तर लवकर समजतात.

डॉक्टरांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. वारेतून रक्त कमी पोचलं की बाळ मिळेल तेवढ्यात भागवायला शिकतं. जन्मानंतर भरपूर मिळालं की तेच शरीर चरबी साठवतं, इन्सुलिन जास्त लागतं, आणि त्याचा अॅड्रिनलवरही परिणाम होतो असं मानतात. इंग्लंडमध्ये आठ वर्षांच्या मुलांची तपासणी झाली होती. जन्माला लहान आणि पहिल्या तीन वर्षांत भराभर वजन वाढलेली, अशा मुलांमध्ये ही हार्मोन्स सर्वांत जास्त होती. वाचताना माझीच पोर डोळ्यांसमोर आली. दीड वर्षाची होईपर्यंत तिने बरोबरीच्या मुलांना गाठलं, आम्ही पेढे वाटले होते. आता ती २९ किलो आहे.

आपल्या पुण्याचंही वाचलं. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधली ३.५, तरी आपल्या बाळांच्या अंगावर चरबी त्या मानाने टिकून, स्नायू मात्र कमी. म्हणजे दिसायला बारीक, आतून तशी नाही.

आता माझी खरी अडचण. सासूबाईंनी या पोरीला पहिले दोन महिने वाटी-चमच्याने दूध पाजून जगवलंय, रात्र रात्र छातीशी धरून बसल्यात. त्यांच्या डोळ्यांपुढे ती अजून १ किलो ९०० चीच आहे. शाळेतून आली की शेंगापोळी, वर तुपाची धार. मी ताट अर्धं केलं की म्हणतात, "उपाशी जन्मली, आता तू पण उपाशी ठेव." मला त्यांना दुखवायचं नाही, पण पोरीचं वजन असंच वाढत राहिलं तर पुढे पाळी लवकर येणं, पीसीओडी, शुगर यांचा धोका वाढतो असं डॉक्टर म्हणाले. वजन उतरवायचं नाही, वाढीचा वेग आटोक्यात ठेवायचा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. औषध सध्या नाही, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचंय.

कुणाच्या मुलीला असं झालं होतं का? पुढे पाळी कोणत्या वर्षी आली, उंची किती झाली? सोलापूर किंवा पुण्यात लहान मुलांचा आहार बघणारं कुणी चांगलं माहीत असेल तर सांगा. आणि काखेतल्या केसांबद्दल ती विचारते तेव्हा तुम्ही काय सांगितलं असतं? मी सध्या "तू मोठी होतेयस" एवढंच म्हणते, तर परवा म्हणाली, "मग वर्गातल्या बाकीच्या का नाही होत?"

संपादन: दोघी-तिघींनी विचारलं म्हणून, मी गरोदरपणात डाएट वगैरे केलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले बीपीमुळेच वारेचं काम कमी पडलं. ते ऐकून मी रिक्षात रडले, पण त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली. सासूबाईंना पुढच्या भेटीला सोबत नेते आहे, फाइल त्यांच्याच हातात देणार.