लो-कार्ब सुरू केल्यापासून पोट साफ होत नाही. भाकरी कमी केली तर फायबर आणायचं कुठून?

घाटवाट

नमस्कार मंडळी,

वय ४७, बसून काम, रोज डोंबिवली ते फोर्ट. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७.२ आलं तेव्हा डॉक्टरांनी मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी सुरू केली आणि आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसाचे कार्ब्स १०० ग्रॅमच्या आत आणायला सांगितले. कार्ब्स जवळपास बंद करणारं कीटो वगैरे नाही. साखर, भात, पोहे, साबुदाणा, बटाटा बंद, आणि ज्वारीची भाकरी दिवसभरात मिळून एक. साखरेचे आकडे छान उतरलेत, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलंय. त्याबद्दल काही म्हणणं नाही.

म्हणणं पोटाबद्दल आहे. पूर्वी सकाळचा चहा घेतला की काम होत असे. आता दोन-तीन दिवस काहीच हालचाल नाही, मग खडा, कुंथणं, आणि झालं तरी पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही. दुपारनंतर पोटाचा नगारा. रक्त पडत नाही, कळा येत नाहीत, वजन उतरतंय ते अपेक्षेइतकंच.

सध्याचं खाणं असं आहे: सकाळी दोन उकडलेली अंडी किंवा पनीर भुर्जी. डब्यात अर्धी भाकरी, पालेभाजी किंवा फ्लॉवर, पनीर, काकडी-टोमॅटो. चार वाजता मूठभर बदाम, नाहीतर चीजचा तुकडा. रात्री पुन्हा अर्धी भाकरी, भाजी, दही, कधी ऑम्लेट. मांस-मच्छी खात नाही. डाळ-उसळ कार्ब्सच्या धाकाने जवळपास बंदच.

हिशेब मांडून बघितला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम फायबर आणि ६८ ग्रॅम कार्ब्स दिलेत. आमच्याकडची भाकरी ६० ग्रॅम पिठाची. पूर्वी दिवसाला चार व्हायच्या, म्हणजे नुसत्या भाकरीतूनच २४ ग्रॅम फायबर पोटात जात होतं, तेही त्याचा विचार न करता. आता त्यातलं ६ उरलं. अंडी, पनीर, चीज, दही यांत फायबर नाहीच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगते. काकडी-टोमॅटो चावून चावून जबडा दुखला तरी तिथवर पोचत नाही, कारण त्यात बहुतेक पाणीच.

तर कार्ब्स फारसे न वाढवता शाकाहारी माणसाने ही तूट कशी भरून काढावी? इसबगोल रोज घेतलं तर सवय लागते का? आणि एक डोकं खाणारा प्रश्न: मोबाइलमधलं ॲप १०० ग्रॅम बदामात २१-२२ ग्रॅम कार्ब्स दाखवतं, संस्थेच्या तक्त्यात मात्र ३. फायबर दोन्हीकडे १२-१३. खरं कोणाचं मानायचं?

डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे, त्यांना विचारणारच आहे. पण डब्यात काय न्यावं हे त्यांच्यापेक्षा तुम्हीच बरं सांगाल.

निवांत_नाना

रात्री सोनामुखीचं चूर्ण कोमट पाण्यातून घ्या. सकाळी गाडी रुळावर. आमच्या घरी तीन पिढ्या हेच चालतं.

मंजिरी_ल

नाना, एखाद्या रात्री अडलं-नडलं म्हणून ठीक आहे, पण रोजचा उपाय म्हणून नको. सोनामुखी आतड्याला चिमटा काढून काम करून घेते. इथे तर आतड्यात पुढे ढकलायला ऐवजच कमी आहे.

घाटवाट, मी आहारशास्त्र शिकवते म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचा भाकरीचा हिशेब बरोबर आहे, आणि लो-कार्बवाल्या बहुतेक मराठी घरांत हेच होतं. आपल्या ताटातलं फायबर मुख्यतः पोळी-भाकरी आणि डाळी-उसळींतून येतं, कोशिंबिरीतून नव्हे. तुम्ही हे दोन्ही एकदम काढलंत आणि त्या जागी पनीर-चीज आलं.

आधी उसळ परत आणा. कीटोवाल्यांनी कडधान्यं टाळली तर एक वेळ समजू शकतं, पण तुम्हाला १०० ग्रॅमची मुभा आहे. ३० ग्रॅम कोरडे हरभरे भिजवले की छोटी वाटीभर उसळ होते. त्यात साधारण ७ ग्रॅम फायबर आणि १२ ग्रॅम कार्ब्स. तेवढंच फायबर भाकरीतून घ्यायचं तर सव्वा भाकरी लागेल आणि कार्ब्स होतील ४७-४८. आता कोणाला ताटात जागा द्यायची ते तुम्हीच ठरवा. डाळ सालासकट असू द्या. अख्खे मूग, मटकी, चवळी सगळं चालेल, वाटी मात्र छोटी.

भाज्यांत फ्लॉवर-पनीर एके फ्लॉवर-पनीर करू नका. गवार, घेवडा, भेंडी, वांगं, मेथी यांत १०० ग्रॅमला ३ ते ५ ग्रॅम मिळतं. शेवग्याच्या शेंगा आणि पाला त्याहून वर. पाला तर साधारण ८ ग्रॅम, आणि डोंबिवलीत अजूनही कोणाच्या तरी अंगणात फुकट मिळत असेल. माणशी दीडशे ग्रॅम कच्ची भाजी धरा. डब्यातल्या पळीभर भाजीवर भागणार नाही.

फळ बंद केलं असेल तर अर्धा पेरू चालू करा, बियांसकट. पेरूइतकं फायबर देणारं साधं फळ आपल्याकडे दुसरं क्वचितच.

सवयीचं म्हणाल, तर इसबगोलाची तशी सवय लागत नाही. तो आतड्याला उत्तेजित करत नाही, पाणी धरून मऊ लगदा करतो. मोठा चमचाभर म्हणजे साधारण ५ ग्रॅम, त्यातलं ४च्या आसपास फायबर. अट एकच: मोठा पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यायचं आणि वर आणखी पाणी. कोरडा फाकला किंवा घोटभर पाण्यावर घेतला तर घशात-अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. गिळायला त्रास होणाऱ्यांनी घेऊच नये. बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा. शिवाय फायबर हळूहळू वाढवा. एकदम २५ ग्रॅमवर उडी मारलीत तर आताचा नगारा परवडला म्हणाल.

पाण्याचंही बघा. कार्ब्स कमी केले की शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे यकृतात-स्नायूंत साठवलेल्या साखरेचा, साठा उतरतो. एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर ३ ग्रॅमच्या आसपास पाणी बांधलेलं असतं, तेही जातं. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठही जास्त बाहेर टाकतात. म्हणून सुरुवातीला लघवी वाढते आणि शौच कोरडं होतं. इंटरनेटवर यासाठी मीठ वाढवायचा सल्ला सर्रास दिसतो. रक्तदाब असेल तर तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळू नका.

आता माझा प्रश्न: मेटफॉर्मिनशिवाय आणखी काय काय घेता? लोह, कॅल्शियम, रक्तदाबाचं काही?

राईनकाठ

बदामाच्या कोड्याचं उत्तर मला माहीत आहे, जर्मनीत आल्यावर दुकानातली पाकिटं वाचून कळलं. अमेरिकी पद्धतीत एकूण कार्ब्समध्ये फायबर धरलेलं असतं, म्हणून तिथले लोक त्यातून फायबर वजा करून निव्वळ कार्ब्स काढतात. युरोपातल्या पाकिटावर फायबर आधीच वेगळं काढलेलं असतं. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा तक्ताही तसाच. तुमचं ॲप बहुधा अमेरिकी आकडे घेतंय. म्हणजे दोन्ही खरे. फक्त संस्थेच्या आकड्यातून पुन्हा फायबर वजा करू नका, नाहीतर बदामाचे कार्ब्स उणे दहा येतील :)

घाटवाट

राईनकाठ, उणे दहा खरंच आले होते! वाटलं, बदाम खाल्ले की कार्ब्स कमी होतात की काय.

मंजिरीताई, मनापासून आभार. मेटफॉर्मिनव्यतिरिक्त रक्तदाबाची एक गोळी आणि गुडघ्यासाठी कॅल्शियम-डी३, रोज रात्री. कॅल्शियम साधारण आहार बदलला त्याच सुमाराला सुरू झालं. त्याचा संबंध असू शकतो?

अजून एक अडचण, लिहायला संकोच वाटतोय. सातची लोकल पकडायची म्हणजे घरात एकच संडास, चार माणसं आणि माझ्या वाट्याला पाच मिनिटं. ऑफिसात जायला नको वाटतं.

मंजिरी_ल

हो, असू शकतो. कॅल्शियमच्या गोळ्यांनी, विशेषतः कॅल्शियम कार्बोनेटने, बऱ्याच जणांचं पोट बांधलं जातं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही. स्वतःहून काहीच बंद करू नका, पण पुढच्या आठवड्यात गोळ्यांची पाकिटंच घेऊन जा आणि कोणती कधी सुरू झाली तेही सांगा. थायरॉइडची तपासणी बरेच दिवसांत झाली नसेल तर तीही विचारा. थायरॉइड मंद असेल तरी हीच तक्रार असते.

हा धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक महत्त्वाचं: ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना कार्ब्स परस्पर कमी केले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली (लघवीतून साखर बाहेर टाकणारी) गोळी घेणाऱ्यांना कडक लो-कार्बमध्ये कीटोॲसिडोसिसचा, म्हणजे रक्तात आम्ल साठण्याचा, धोका असतो, आणि त्यात साखर फार वाढलेली दिसेलच असं नाही. शौचातून रक्त, काळं डांबरासारखं शौच, कारणाशिवाय वजन घटणं, पोट फुगून उलट्या आणि गॅसही न सरणं, यांतलं काही असेल तर फायबरचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. चाळिशी-पन्नाशीनंतर शौचाची सवय बदलली आणि तशीच राहिली, तर आहारावर ढकलून गप्प बसू नये.

लोकलचं म्हणाल तर ती अडचण खरीच आहे, त्यात संकोच कसला? पोटात अन्न गेलं की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, आणि सकाळी ती सगळ्यात जोरात असते. तुमची ती वेळ गाडीत उभं राहण्यात जाते. रोज दाबून धरलं की मग संवेदनाच बोथट होत जाते. अर्धा तास आधी उठून चहाबरोबर काहीतरी खा आणि घरच्यांशी बोलून दहा मिनिटं मिळवा. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत.

तिखटमीठ

मी लातूरकडची. आमच्या आडत बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात आणि सगळं तेलाच्या गिरणीत जातं, घरात कोणी शिजवत नाही. त्याच तक्त्यात सोयाबीन बघा: १०० ग्रॅमला २१-२२ ग्रॅम फायबर, कार्ब्स फक्त १०-१२. हरभऱ्याहून सरस. रात्रभर भिजवायचं, ते पाणी फेकायचं, कुकरला सात-आठ शिट्ट्या. अर्धंकच्चं अजिबात खायचं नाही, पोट बिघडतं. मग कांदा, लसूण, काळा मसाला घालून उसळ. पहिल्या दिवशी थोडीच खा, गॅस होतो.

आणि चटण्या कशा विसरलात? जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं, लसूण, सुकी मिरची, जिरं, मीठ घालून कुटायचं. दोन मोठे चमचे चटणीत ४ ग्रॅमच्या आसपास फायबर आणि कार्ब्स नावाला. जवस अख्खं खाल्लं तर तसंच बाहेर पडतं, कुटलंच पाहिजे. कुटलेलं लवकर खवट होतं म्हणून आठवड्यापुरतंच करा. तिळाची, कारळाची, सुक्या खोबऱ्याची आलटून पालटून. अर्ध्या भाकरीवर चटणी आणि तेल घातलं की पनीरची आठवणही येत नाही.

घाटवाट

तिखटमीठ, तोंडाला पाणी सुटलं. आता असं ठरवतोय: सकाळी अंड्यांबरोबर चटणी, डब्यात अर्धी भाकरी, गवार किंवा भेंडी दीडशे ग्रॅम आणि हरभऱ्याची किंवा सोयाबीनची उसळ, चारला चीजऐवजी अर्धा पेरू आणि थोडे बदाम, रात्री अर्धी भाकरी, पालेभाजी, ताक. बेरीज ३०च्या आसपास जातेय आणि कार्ब्स शंभराच्या आतच. पण हे एकदम नाही. या आठवड्यात फक्त चटणी आणि पेरू, उसळ पुढच्या आठवड्यापासून. इसबगोल आणि कॅल्शियमचं डॉक्टरांना विचारून.

फक्त सोयाबीनची उसळ सकाळी सहाला डब्यात भरली तर दुपारी एकपर्यंत टिकेल ना? आमच्या ऑफिसात मायक्रोवेव्ह आहे, फ्रीज नाही.

तिखटमीठ

टिकते, पण ओलं खोबरं घालू नका आणि रस्सा ठेवू नका, सुकीच परता. वाफ गेल्याशिवाय डबा बंद करायचा नाही. रात्री शिजवून फ्रीजमध्ये ठेवलेलं सोयाबीन सकाळी फोडणीत चांगलं गरम करून घेतलं तर तुमची पाच मिनिटंही वाचतील. मे महिन्यात मात्र नेऊ नका, तेव्हा घरीच रात्री खा.