सावजी म्हणजे नुसते तिखट? परवाच्या पोस्टला उत्तर

जुनी शुक्रवारी:
परवा एका खवय्याने नागपूरच्या मुक्कामाविषयी लिहिताना विधान केले की, ‘सावजी म्हणजे वऱ्हाडी स्वयंपाकाचाच तिखट अवतार, त्यात मसाला कमी आणि मर्दुमकी जास्त.’ त्याखाली आपल्याच गावच्या लोकांनी टाळ्या पिटलेल्या पाहिल्या, म्हणून हे उत्तर.

आधी वऱ्हाडाचे निस्तरतो. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले, भोसल्यांचे नागपूर १८५४ मध्ये खालसा झाले आणि हे दोन मुलूख एका कारभाराखाली आले ते १९०३ मध्ये. नागपूरच्या पानात वाढलेले सगळेच वऱ्हाडी म्हणायचे असेल, तर नकाशा एकदा पाहून घ्यावा.

सावजी जेवण हे हलबा कोष्ट्यांच्या, म्हणजे लुगडी विणणाऱ्यांच्या घरची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा. माझी आजी धने, खसखस, सुंठ, मिरे, लवंग, दगडफूल, जायपत्री हे सारे निरनिराळे भाजत असे, कारण धन्यांना वास सुटेपर्यंत खसखस करपलेली असते आणि चिमूटभर करपलेली खसखस गंजभर रस्सा कडू करते. पाट्यावरचे वाटण बोटांना रवाळ लागेनासे होईपर्यंत तिचा हात थांबत नसे. भिवापुरी मिरची जिभेला लगेच कळते. मिरे आणि सुंठ मात्र घास उतरल्यावर घशात जागे होतात. हा क्रम ज्याच्या ध्यानात आला नाही, त्याला मसाला कमीच वाटणार. हे सगळे जवसाच्या तेलात होत असे, हेही त्या गृहस्थांना ठाऊक नसावे.

सदरचा रहिवासी:
आपल्या आजीविषयी पूर्ण आदर ठेवून विचारतो की, त्या खवय्याला आपल्या आजीच्या हातचे जेवण मिळणार कुठून? त्याने भोजनालयात जे खाल्ले त्यावर तो लिहिणार. मागच्या महिन्यात पाहुण्यांना घेऊन मी वर्धा रोडवरच्या एका सावजी पाटीच्या ठिकाणी गेलो होतो. खुराच्या रश्श्यावर बोटभर लाल तेल तरंगत होते, त्याखाली पीठ लावून दाट केलेले पाणी होते आणि पाहुण्यांचा दुसरा दिवस ताकावर गेला. शिवाय मिरची या देशात पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली, तेव्हा ‘पिढ्यान्‌पिढ्यांची’ हा शब्द जरा बेताने वापरावा. आणि जवसाचे तेल माझ्या माहितीप्रमाणे कपाटाला लावतात.

काटेपूर्णाकाठ:
मी अकोल्याचा आहे आणि वऱ्हाडी म्हटल्याने नागपूरकरांना एवढे का झोंबते, हे मला कधीच उमगलेले नाही. कणकेचे पानगे आमचे, गोवऱ्यांच्या आरावर भाजून वर वांग्याची भाजी घ्यावी ती आमच्या शेतात, आणि शहरातल्या हॉटेलांच्या पाटीवर मात्र ‘नागपुरी रोडगे’! आपण नकाशा काढलाच आहे, तर तो उलटही वाचून पाहावा.

भंडारा रोड:
कपाटाच्या तेलाची थट्टा करणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर लिहिते. आमच्याकडे धान कापणीला येण्याआधीच उभ्या पिकात जवस फेकतात. बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, उरलेल्या ओलीवर ते उगवते आणि पाणी न देता हाताशी येते. घाणीवरून तेल थोडेथोडेच काढून आणत, कारण ते हवेत लवकर खवट होते. घरात कढई तापली की पहिला वास उग्र येई, आई धूर विरेपर्यंत तेल तापवून खाली उतरवी आणि मगच त्यात कांदा पडे. हे न करता ज्यांनी कच्चे तेल वापरले, त्यांनाच वार्निश आठवते.

सदरचा रहिवासी:
ताई, वार्निश मला उगाच आठवत नाही. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू शोषून सुकते, म्हणूनच रंगवाले ते वापरतात, आणि आपण सांगितलेला खवटपणा हा त्याच गुणाचा धाकटा भाऊ आहे. जे तेल इतक्या लवकर बिघडते त्यावर शंभर पाने रोज वाढणारे भोजनालय चालेल कसे? लोकांनी फल्लीचे, म्हणजे शेंगदाण्याचे, तेल घेतले ते आळसाने नव्हे.

भंडारा रोड:
शंभर पानांचा हिशेब मान्य आहे. परंतु मग पाटीवर सावजी लिहू नये, एवढेच म्हणणे आहे. लाकडाला लावायचे तेल उकळून आणि सुकवणारी द्रव्ये घालून केलेले असते, ते आणि घाणीचे तेल एकच समजणाऱ्याशी स्वयंपाकावर वाद घालण्यात माझी दुपार गेली, याचे मात्र वाईट वाटते.

जुनी शुक्रवारी:
धागा माझा आहे आणि मी अजून जिवंत आहे. भोजनालयांचे म्हणणे पूर्ण खोटे नाही, परंतु ती कुठून आली हेही पाहावे. १८७७ मध्ये एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली, पुढे यंत्रमाग आले आणि हातमागाचे काम जसजसे बसत गेले, तसतशी कित्येक कोष्टी घरांनी ओसरीवर पाने मांडली. माझ्या मावशीकडे दोन बाकडी होती. दुपारी बारापासून रस्सा चुलीवर मंद चढलेला असे आणि पानावर आधी पातळ रस्सा, मागाहून हवी तेवढीच तर्री, म्हणजे रश्श्यावरचे तिखट तेल, वरून मिळे. लाल तेलाचा थर मागण्याची सवय गिऱ्हाइकाने लावली, तिने नव्हे. पोर्तुगीजांचे म्हणाल, तर मी पिढ्या म्हटले होते, युगे नव्हे. आणि मिरे-सुंठ त्यांच्या जहाजाची वाट पाहत बसले नव्हते.

सदरचा रहिवासी:
मिरे-सुंठीचे मान्य करतो, नाइलाजाने. घशात उशिरा लागणारे तिखट मलाही एकदा लागले होते, इतवारीतल्या एका लहान खोलीत, अंडाकरीला; तेव्हा मी ते त्या दिवशीच्या सर्दीवर ढकलले. जवसाबाबत माझे मत कायम आहे. ताईंनी तापवलेल्या तेलाची वाटी पाठवल्यास ती आधी हुंगून पाहीन, आणि कपाट शेजारीच ठेवीन.

काटेपूर्णाकाठ:
पानग्यांविषयी कोणीच उत्तर दिलेले नाही, हे सर्वांच्या निदर्शनास आणून देतो.