बेकिंग पावडरऐवजी खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर चालेल का?

प्रश्न
केकच्या कृतीत दोन चमचे बेकिंग पावडर सांगितली होती. ती घरात नसल्यामुळे मी तेवढाच खाण्याचा सोडा घातला. केक फुगला, पण पिवळट-तपकिरी झाला आणि चवीला साबणासारखा लागला. सोड्यात व्हिनेगर घातले की बेकिंग पावडरच तयार होते, असे काही जण सांगतात. ते खरे आहे का?

उत्तर १
सोडा, म्हणजे सोडिअम बायकार्बोनेट, आम्लाशिवाय नुसता तापला तर ८४ ग्रॅममधून २२ ग्रॅमच कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मागे सोडिअम कार्बोनेट, म्हणजेच धुण्याचा सोडा, उरतो. तुम्हाला जाणवलेली चव आणि आलेला रंग या अल्कलीमुळे आहे. पुरेसे आम्ल मिळाले तर तेवढ्याच सोड्यातून ४४ ग्रॅम वायू मिळतो आणि अल्कली उरत नाही.

उत्तर २
वरील उत्तर योग्य आहे, मात्र खरी मेख ‘पुरेसे’ या शब्दात आहे. व्हिनेगरमध्ये साधारणपणे ५ टक्केच ॲसिटिक आम्ल असते, त्यामुळे ५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक चमचा, सोडा पूर्ण उदासीन करायला सुमारे ७० मिलिलिटर व्हिनेगर लागते. सुदैवाने एक चमचा बेकिंग पावडरच्या जागी पाव चमचा सोडा पुरतो. त्याला १७-१८ मिलिलिटर व्हिनेगर घाला आणि कृतीतील पाणी किंवा दूध तेवढे कमी करा.

तरीही हे मिश्रण म्हणजे बेकिंग पावडर नव्हे. तिच्यात सोड्याबरोबर कोरडी आम्लधर्मी द्रव्ये असतात आणि ओलावा शोषून ती एकमेकांपासून दूर ठेवणारा स्टार्च असतो. या आम्लधर्मी द्रव्यांपैकी मोनोकॅल्शिअम फॉस्फेट ओले होताच काम सुरू करते, तर सोडिअम ॲसिड पायरोफॉस्फेटची बरीचशी क्रिया उष्णता लागल्यावर होते. व्हिनेगर मात्र सोड्याला भेटताच फसफसते. म्हणून सोडा पिठात चाळून घ्यावा, व्हिनेगर ओल्या मिश्रणात घालावे, दोन्ही अगदी शेवटी एकत्र करावे आणि भांडे लगेच तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवावे. वाटीत आधीच फेस आणून तो पिठात ओतला, तर बहुतेक वायू हवेतच जातो.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. आता जुन्या बेकिंग पावडरचा एक डबा सापडला आहे. ती चांगली आहे का, हे व्हिनेगर टाकून पाहू का?

उत्तर २
व्हिनेगर नको, गरम पाणी घ्या. पावडरमधले आम्ल दमटपणामुळे आधीच खर्ची पडले असले, तरी उरलेला सोडा व्हिनेगरमध्ये फसफसेल आणि तुमची फसगत होईल. गरम पाण्यात जोमाने बुडबुडे आले, तरच ती वापरा.