‘द अमेरिकन्स’चा अखेरचा सीझन : स्टॅन त्यांना जाऊ देतो, हे पटते का?

कॉलेजरोडकर, नाशिक

कथानकाचा शेवट येथे उघड होणार आहे, त्यामुळे ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांनी येथेच थांबावे.

आमच्या मित्रमंडळींनी या मालिकेचा सहावा आणि अखेरचा सीझन नुकताच पाहून संपवला, आणि शेवटच्या भागातील गॅरेजच्या प्रसंगावरून सुरू झालेला वाद अद्याप मिटलेला नाही. काळ १९८७ च्या अखेरचा आहे आणि वॉशिंग्टनमधील रेगन-गोर्बाचेव्ह शिखर परिषद तोंडावर आलेली आहे. अमेरिकन दांपत्य म्हणून वर्षानुवर्षे वावरणारे, केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संघटनेचे हेर फिलिप आणि एलिझाबेथ जेनिंग्स मुलगी पेजला घेऊन निसटण्याच्या बेतात असताना, त्यांचा शेजारी, जिवलग मित्र आणि एफबीआयचा अधिकारी स्टॅन बीमन पिस्तूल रोखून त्यांना अडवतो, आणि प्रदीर्घ संभाषणानंतर बाजूला होतो. हे त्याच्या स्वभावाला धरून आहे, की नायक-नायिकेला तुरुंगात धाडणे लेखकांच्या जिवावर आले म्हणून काढलेली ही पळवाट आहे? मला ती पळवाट वाटते. या भागाच्या पटकथेला एमी पुरस्कार मिळाला हे ठाऊक आहे, पण पुरस्कारामुळे शंका फिटत नाही.

पंचवटीकर

पळवाट म्हणण्यापूर्वी स्टॅनचा पूर्वेतिहास आठवून पाहावा. पहिल्याच सीझनमध्ये सहकाऱ्याच्या मृत्यूचा सूड म्हणून त्याने सोव्हिएत दूतावासातील व्लाद या निरुपद्रवी तरुणाला कोणत्याही आदेशाविना गोळी घातली होती, आणि पाचव्या सीझनमध्ये केजीबीचा अधिकारी ओलेग बुरोव्ह याला सीआयएच्या दबावापासून वाचवण्यासाठी हाच खून जाहीरपणे कबूल करण्याची धमकी त्याने स्वतःच्या वरिष्ठांना दिली होती. त्यामुळे नियमाला चिकटून राहणारा अधिकारी अखेरच्या भागात अचानक विरघळला, असे म्हणता येत नाही. सोव्हिएत दूतावासातील नीना, जिच्यावर त्याचे प्रेम होते, तिच्या बाबतीत मात्र त्याने देशाची बाजू घेतली आणि तिला गमावले. ज्याने एकदा हा सौदा करून पाहिला आहे तो दुसऱ्यांदा तोच सौदा करील, अशी अपेक्षा का धरावी?

शिवाय त्या संभाषणात फिलिप जे सांगतो ते निव्वळ भावनिक आवाहन नाही. केजीबीतील एक गट गोर्बाचेव्ह यांना हटवण्याचा कट रचत आहे आणि ती बातमी मॉस्कोला पोहोचणे आवश्यक आहे, हे ओलेगनेही स्टॅनला सांगितलेले असते. मात्र नागरी वाहतुकीच्या अभ्यासक्रमाच्या निमित्ताने आलेल्या ओलेगला या खेपेस राजनैतिक संरक्षण नसल्यामुळे तो तुरुंगात अडकलेला आहे. निरोप नेणारे दुसरे कोणी उरलेलेच नाही.

ओझरचा निवृत्त कर्मचारी

माझी सारी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात गेली. १९६४ साली तो मिग-२१ च्या बांधणीसाठी उभा राहिला, त्यामुळे सोव्हिएत संघ हा आम्हा लोकांसाठी वर्तमानपत्रातील शब्द नव्हता, तर रोजच्या कामाचा भाग होता. बहुधा म्हणूनच या सीझनमधील राजकीय बाजू मला प्रेमकथेपेक्षा अधिक भिडली. ८ डिसेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये झालेल्या कराराने जमिनीवरून डागायची, ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचे ठरले आणि १९९१ च्या मध्यापर्यंत दोन्ही देशांनी मिळून २,६९२ क्षेपणास्त्रे मोडीत काढली. मालिकेतील कट काल्पनिक आहे. पण ऑगस्ट १९९१ मध्ये गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध जे बंड झाले त्यात केजीबीचे तत्कालीन प्रमुख क्रुच्कोव्ह स्वतः सामील होते, हे विसरून चालणार नाही. म्हणजे सोव्हिएत बाजूने वाटाघाटी करणाऱ्या नेस्तेरेन्कोला वाचवण्यासाठी एलिझाबेथ आपल्याच संघटनेतील तात्यानाला ठार करते, ज्यांची आज्ञा आयुष्यभर पाळली त्यांच्याविरुद्ध उभी राहते, आणि ज्या देशासाठी हे सारे करते तो देश पुढे जेमतेम चार वर्षे टिकतो. तो कोसळल्यावर सुट्या भागांची जी ओढाताण झाली ती आम्ही अनुभवली आहे. त्यामुळे ते दोघे सुटले, असे म्हणणाऱ्यांचे मला नवल वाटते.

नाशिकरोडकर

शिक्षा झालीच नाही, हे मलाही मान्य नाही. कॅनडाच्या सीमेवर पारपत्रांची तपासणी आटोपून रेल्वे सुटते आणि पेज फलाटावर उभी दिसते; मुलगा हेन्री याला तर काहीच न सांगता मागे ठेवलेले असते. दोन्ही मुले हातची गेली. मात्र सीझनचा पूर्वार्ध मला रेंगाळलेला वाटला. परिचारिका बनून एलिझाबेथ करते त्या आजारी चित्रकर्तीच्या शुश्रूषेचे प्रसंग सुंदर असले तरी त्यांची पुनरावृत्ती होते.

कॉलेजरोडकर, नाशिक

पंचवटीकरांनी मांडलेला व्लादचा मुद्दा बिनतोड आहे आणि तो आमच्या गटात कोणालाही सुचला नव्हता. तरीही माझा आक्षेप पूर्णपणे मावळत नाही, कारण त्याच संभाषणात फिलिप आणि एलिझाबेथ खुनांचा आरोप धडधडीत नाकारतात. लहान मूल घरात असताना एफबीआयचे सोव्हिएत खबरे गेनादी आणि सोफिया या दांपत्याला एलिझाबेथने कसे मारले, हे प्रेक्षकाने त्याच सीझनमध्ये पाहिलेले असते आणि स्टॅनच्याही मनात तो संशय पक्का असतो. मैत्रीतील सर्वांत प्रामाणिक क्षण म्हणून जो प्रसंग गौरवला जातो त्यातही हे दोघे खोटे बोलतात. आणि निघताना रेनी, म्हणजे स्टॅनची पत्नी, कदाचित आपल्यापैकीच एक असावी, अशी शंका फिलिप त्याच्या मनात पेरून जातो. ही मित्राने दिलेली सूचना, की मुरलेल्या हेराने जाता जाता मारलेला शेवटचा डाव? स्टॅन त्यांना अडवत नाही याची कारणे आता मला समजतात. परंतु पुढच्या रात्री तो त्याच घरी कसा झोपत असेल, याचा विचार लेखकांनी आमच्यावर सोपवला आहे, आणि त्याबाबत आमच्या गटात अजूनही दोन तट आहेत.

पंचवटीकर

माझ्या मते फिलिपला खरोखरच ठाऊक नसते. त्याचा आवाज खोटे बोलताना स्थिर असतो आणि त्या वाक्याला तो अडखळतो. तेवढा भाग पुन्हा एकदा लावून पाहा.